वाटा, वाटप आणि वाटणे

मराठीत 'वाटणे' या क्रियापदाचे तीन अर्थ आहेत: पाट्यावर बारीक करणे, हिस्से करणे आणि मनाला जाणवणे. जुन्या लेखनात हिस्से करण्याचे 'वांटणे' अनुस्वाराने वेगळे दाखवले जाई. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि ही क्रियापदे कागदावर एकसारखी दिसू लागली. आमच्या बांद्याहून थोड्याच अंतरावर पत्रादेवीची हद्द ओलांडली की गोव्याच्या कोंकणीत हा भेद अजून शाबूत आहे. तिथे हिस्सा म्हणजे 'वांटो', हिस्से करणे म्हणजे 'वांटप' आणि मसाला वाटणे म्हणजे 'वाटप'. आमच्या मालवणीत या शेवटच्या शब्दाचे नाम झाले. भाजलेले खोबरे, कांदा, धणे, मिरी, बडीशेप यांचा पाट्यावरून निघालेला तो तपकिरी गोळा म्हणजे वाटप. त्याच्याशिवाय सागोती नाही.

हे भाषिक कुतूहल माझ्या मनात कोशामुळे नव्हे, मटणामुळे जागे झाले. माझ्या लहानपणी आमच्या घरी मटण किलोने येत नसे, वाट्याने येई. शिमगा किंवा गटारी जवळ आली की सात-आठ घरे मिळून नदीपलीकडच्या एखाद्या शेळ्या पाळणाऱ्याकडून अख्खा बोकड ठरवीत. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गाची शेळी. आता तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. वीस किलोच्या बोकडापासून जिवंत वजनाच्या साधारण निम्मे, म्हणजे दहाएक किलो मटण मिळते. आठ वाटे घातले तर दर घरी सव्वा किलो. पण हा हिशेब आज तराजू हाती घेऊन मांडता येतो. तेव्हा अंगणात केळीची पाने ओळीने अंथरलेली असत आणि हिशेब नजरेचा असे.

प्रत्येक पानावर मांडीचा तुकडा पडे, तसा मानेचाही. बरगडी, काळजाची फोड, वजडीचा भाग, थोडी चरबी, एखादी नळी असे करीत ढीग वाढत. एकाही पानावर नुसते चांगले किंवा नुसते वाईट जमता कामा नये, हा नियम. मुंडी आणि पाय यांचे तुकडे पाडणे शक्य नसे, म्हणून ते पाळीने एकेका घरी जात. ढीग पुरे झाले की कुणीतरी एकजण पाठमोरा उभा राही. वाटे घालणारा एका पानाकडे बोट दाखवून विचारी, "हो कोणाचो?" पाठमोरा माणूस उत्तर देई, "खालच्या घराचो." कोणता वाटा कोणाला जाणार हे घालणाऱ्याला आधी ठाऊक नसे. त्यामुळे हात आपोआप सरळ चाले. न्यायाची ही पद्धत कोणी कुठे लिहून ठेवली नव्हती, पण तिच्यात कुठे फट होती असे मला आजही म्हणता येत नाही.

किलोचा व्यवहार निराळा. तराजूपुढे उभा असलेला गिऱ्हाईक मांडी मागतो, चरबी नको म्हणतो, वजडी पाहून नाक मुरडतो. त्याला जे नको असते ते ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याच्याकडे जाते. वाट्यात असे नसते. प्रत्येक घराला जनावर समग्र स्वीकारावे लागते. अमेरिकेत कित्येक कुटुंबे शेतकऱ्याकडून अर्धे किंवा पाव जनावर आधीच विकत घेऊन वर्षभर डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. लंडनच्या फर्गस हेंडरसन यांनी १९९९ साली नाकापासून शेपटीपर्यंत सारे खाण्यावर पुस्तक लिहिले आणि ते गाजले. आमच्याकडे ही विचारसरणी नव्हती. वाटा घरी आला की तो संपवणे एवढेच होते.

संपवण्याचा क्रमही ठरलेला असे. जे लवकर बिघडते ते आधी. पहिल्या सांजेला काळीज मिरपूड घालून तव्यावर परतले जाई. वजडी कढत पाण्याने पुनःपुन्हा धुऊन रात्रीच शिजत घातली जाई. उरलेल्या मटणाला मीठ-हळद चोळून एक उकळी दिली जाई, कारण घरात फ्रीज नव्हता. दुसऱ्या दिवशी सागोती. बोकड जून असेल तर कच्च्या पपईची फोड आत पडे. फोडणीला तेल थोडे आणि चरबी जास्त. माणसे वाढली की बटाटे वाढत, मटण तेवढेच राही. तिसऱ्या दिवशी तोच रस्सा पुन्हा उकळून आंबोळ्यांबरोबर, आणि तो आदल्या दिवसापेक्षा चवदार लागतो यावर सर्वांचे एकमत होते. सव्वा किलोत नऊ माणसांचे कुटुंब तीन दिवस जेवत असे. या किमयेचे श्रेय वाटपाला होते. खोबरे दारचे, कष्ट घरचे; रस्सा दाट झाला की तुकडा लहान असल्याचे जाणवत नाही.

इथवरचे वर्णन स्मरणरंजन म्हणून वाचता येईल आणि तसे ते वाचले जाण्याची मला भीती वाटते. कारण अंगणातल्या न्यायाची हद्द उंबऱ्यापाशी संपत असे. टोपातून पानात जाताना दुसरे वाटे पडत आणि त्या वेळी पाठमोरे कोणीच नसे. मांडीचे तुकडे पुरुषांच्या पहिल्या पंगतीत जात, काळीज मुलांना, त्यातही मुलग्यांना आधी. सर्वांत शेवटी आजी, आई आणि काकी बसत तेव्हा टोपात रस्सा, बटाटे आणि नळ्या उरलेल्या असत. "माका नळीच बरी लागता," असे आजी म्हणे आणि नळी ताटावर आपटून मगज काढी. ज्या काटकसरीचे आम्ही अजून कौतुक करतो ती बोकडावर नव्हे, या तीन पानांवर साधलेली होती. पाटा वाटणाऱ्या हातांना वाट्याचे गणित लागू नव्हते.

आणि अंगणातला न्यायही त्या आठ घरांपुरताच होता. पाने किती अंथरायची हे ठरवतानाच गावातली काही घरे मोजणीबाहेर राहत. वाटा मागण्याचा हक्क कोणाला आणि टाकलेले उचलण्याची सक्ती कोणावर, हा प्रश्न आपल्या खाद्यसंस्कृतीवरच्या लेखनाने फार काळ टाळला. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. गरिबांच्या ताटातला फुकटचा घास सोडायला सांगणे हे काटकसरीच्या तर्कात बसणारे नव्हते. ते माणूस म्हणून मोजणीत येण्याच्या तर्कात बसणारे होते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातल्या दलितांच्या अन्नावर पुस्तक लिहिताना 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. एका 'अ'ने त्यांनी आपल्या सर्वांच्या पंगतीकडे बोट दाखवले आहे. वाट्याची पद्धत कितीही निर्दोष असली तरी ती वाटेकरी कोण हे ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असते.

अलीकडे आम्ही चार घरांनी पुन्हा अख्खा बोकड घेण्यास सुरुवात केली आहे. कारण भावनिक नाही. दुकानातले मटण परवडत नाही आणि शेळ्या पाळणाऱ्यालाही एकरकमी पैसे हवे असतात. आता घरोघरी फ्रीज आहेत, वाटप मिक्सरमध्ये होते आणि आम्ही सर्व एकाच वेळी जेवायला बसतो. वाटे घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सागोती शिजली की तुकडे मोजून वाढावेत असा माझा आग्रह असतो आणि त्याबद्दल घरात माझी थट्टाही होते.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे. वाढताना ती अजूनही टोप आपल्याकडे ओढते आणि स्वतःच्या पानात मान किंवा नळी घेते. तिला तेच आवडते असे ती सांगते. ते खरे असेलही. पन्नास वर्षे जे वाट्याला आले त्याची गोडी लागणे अशक्य नाही. गेल्या शिमग्याला मी टोप बाजूला ठेवला आणि तिला खरोखर कोणता तुकडा हवासा वाटतो हे विचारले. हा प्रश्न तिला पूर्वी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आसा किती?"

तिन्ही क्रियापदे त्या दोन शब्दांत होती. पाट्यावर वाटण्यात आयुष्य गेलेल्या बाईला, आपल्याला काय वाटते हे सांगण्याआधी, वाटायला किती आहे ते कळणे आवश्यक होते.