जुनं घ्यावं, पण पारखून

उर्दूत दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या कपड्याला ‘उतरन’ म्हणतात. या शब्दात हिणवणं आहे. वर्गात तो कानावर आला की जुना युनिफॉर्म घातलेलं पोर मान खाली घालतं. खरं तर वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा कसला? मुंबईचा चोरबाजार, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, यांच्यावर कितीतरी संसार उभे राहिले. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. तेच कपडे धुऊन, शिवून पुन्हा बाजारात यायचे.

आमच्या कळमनुरीतही जून उजाडला की आया जुने युनिफॉर्म शोधतात. त्यांना एवढंच सांगतो: कपडा उलटा करून उजेडात धरा. काख, कॉलर, पँटचे गुडघे आधी विरतात. शिलाईत माया सोडलेली असेल, तर पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतो. घरी आणल्यावर कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. गॅसची नळी, हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका. तिथली बचत जिवावर बेतते.

आणि विकणाऱ्यांनो, मालातला ऐब लपवू नका, ही आपल्या दीनची शिकवण आहे. दोष दाखवा, त्या मानाने भाव कमी करा. खरं सांगून केलेल्या सौद्यातच बरकत असते.