पऱ्हाटीचे साग

खर्चाच्या रकान्यात ‘निरंक’ एवढा एक शब्द लिहिल्याने एखाद्या कृतीची योग्यता उणावते, हे मला एका प्रदर्शनात प्रथम समजले; आणि त्या गोष्टीला आता पुष्कळ काळ लोटला असला, तरी तिची आठवण झाली की मनाचा क्षोभ आजही पूर्वीइतकाच जागा होतो.

आमच्या हिवरखेडच्या माणसाला रेल्वेचे वेड का असावे, हे वऱ्हाडात तरी फोड करून सांगावे लागत नाही. अकोल्याहून अकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड अशी ठाणी घेत सातपुड्यात शिरणारी आणि पलीकडे खंडव्याला उतरणारी मीटरगेजची गाडी, त्याच मार्गावरून धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस, आणि धुळघाटापाशी चढ साधण्यासाठी चाराच्या आकड्यासारखा वळसा घेऊन स्वतःचाच मार्ग ओलांडणारा तो रूळ, हे सर्व आमच्या पिढीने खिडकीत बसून पाहिले आहे. 2017च्या आरंभी अकोल्याकडून येणारी ती गाडी बंद झाली. 2022 मध्ये ब्रॉडगेज अकोटपर्यंत आली. आणि पुढचा मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून न नेता बाहेरून, जळगाव जामोदच्या अंगाने नेण्याचे ठरले. म्हणजे धुळघाटाचा वळसा कायमचा गेला. तो निदान फळीवर तरी राहावा, या इच्छेने गावातील दोन शाळकरी मुलांना हाताशी धरून मी त्याची प्रतिकृती करावयास घेतली.

प्रमाण आम्ही 1:87 धरले. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी 1998 साली खुले केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय याच प्रमाणाचे आहे, आणि ते पाहिल्यापासून हे प्रमाण डोळ्यांत बसले होते. मीटरगेजचे एक मीटर अंतर त्या हिशेबाने सुमारे साडेअकरा मिलिमीटर होते, म्हणून रूळ 12 मिलिमीटरचे. गोणपाटावर प्लास्टर चढवून डोंगर उभा राहिला. अडचण आली ती झाडांची. डोंगर उघडा ठेवावा तर तो मेळघाट नव्हे, आणि झाकावा तर शेकडो झाडे हवीत. परदेशी बनावटीच्या एका बऱ्या झाडाला जी किंमत पडते, तीत आमच्याकडे एका घराचा आठवड्याचा भाजीपाला होतो.

झाडे आमच्या शिवारातच उभी होती. कापसाची वेचणी आटोपली की पौष-माघात पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग घालतात. त्या ढिगाशी बसून मी शेंडे निवडू लागलो, तेव्हा शेताची मालकीण म्हणाली, “गुरुजी, ह्या पराट्या तं चुलीत जातात, तुमाले कायले पाह्यजेत?” तिला एक शेंडा उभा धरून दाखविला. बोटाहून बारीक, तपकिरी सालीचा, खाली सरळ आणि वर फांद्या तिरप्या फेकणारा. डोळा जरा मिटून पाहिला तर हुबेहूब चैत्रातला साग. सहा मिलिमीटर जाडीचा हा बुंधा 87 पटींनी अर्ध्या मीटरहून थोडा अधिक होतो, म्हणजे चांगला जुना वृक्ष. त्याची उंची मात्र राखली पाहिजे: वीस मीटरचा साग या प्रमाणात 23 सेंटिमीटर होतो, आणि बहुतेक लोक येथेच कंजुषी करून झाडांची झुडपे करतात.

रीत सोपी आहे. वाळलेली बोंडे झाडून टाकावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते; मग काड्यांना कडक ऊन द्यावे आणि पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून उलट्या टांगाव्यात, म्हणजे बारीक फांद्या मोडत नाहीत. धावडा, तेंदू यांच्या पानोऱ्याला आरागिरणीचा भुसा मैद्याच्या चाळणीने चाळून, दोन-तीन हिरव्या छटांत रंगवून वापरला. सागाला मात्र भुसा चालत नाही. त्याचे पान हातभर असते, आणि 87 पटींनी लहान केले तरी चार मिलिमीटरहून अधिक उरते, डोळ्याला सहज दिसते. म्हणून सागाचीच वाळकी पाने चुरून त्यांचा खच बुंध्यांखाली पसरला, आणि वर चार-दोन पाने तेवढी चिकटविली. कांडोळाचा पांढुरका बुंधा साधण्यासाठी मोटारी भरणाऱ्या दुकानातली जळकी तांब्याची तार पिळून तिच्यावर चुना आणि गोंद यांचा लेप दिला. मुलांनी ऋतू ठरविला तो वैशाखाचा, कारण त्यांनी जंगल सुट्टीतच पाहिले होते. साग, सालई निष्पर्ण. मेळघाट त्या दिवसांत असतोच तसा.

ही प्रतिकृती ज्या प्रदर्शनात मांडली, त्याच्या अर्जात साहित्याचा खर्च आणि पावत्या यांचा रकाना होता. झाडांसमोर मुलांनी खरे तेच लिहिले, ‘निरंक’. तेवढ्यावरून आमची नोंद रेल्वे-प्रतिकृतींच्या गटातून काढून ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या गटात, बाटल्यांच्या फुलदाण्यांच्या शेजारी लावण्यात आली. मी दाद मागितली. पावती नसलेले साहित्य हे साहित्य धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. नंतर परीक्षकांचा शेरा आला: ‘झाडे वाळलेली आहेत. हिरवळ असावी.’ रेल्वेच्या गटात पहिला आलेला देखावाही सातपुड्याचाच होता, आणि त्यावर विकत आणलेली, सुचीपर्णी, बर्फाळ प्रदेशातली प्लास्टिकची झाडे ओळीने रोवली होती. ज्या मुलांनी कांडोळाच्या बुंध्याचा रंग जुळावा म्हणून चुना पुन्हा पुन्हा कालवला, त्यांनी तो देखावा निमूटपणे पाहिला आणि मला विचारले, “गुरुजी, आपल्या जंगलात अशी झाडं आहेत का?” ज्याने वैशाखात मेळघाट पाहिला नाही, त्याने मेळघाटाच्या प्रतिकृतीवर शेरा मारू नये, आणि कौशल्याचे मोल पावतीवरून करणे हा तर उघड अन्याय होय, परीक्षक कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, हे मी त्याच्या तोंडावर म्हणेन.

पुढे त्याच डोंगराच्या दुसऱ्या उताराला आम्ही श्रावण केला. सागाच्या शेंड्यांवर पांढुरक्या फुलोऱ्यासाठी रवा भुरभुरला, गादीतला जुना फोम मिक्सरमध्ये ओला वाटून हिरवा रंगविला. खरे सांगायचे तर आता मला तीच बाजू अधिक पाहावीशी वाटते. जंगलातून ब्रॉडगेज गेली नाही याचाही मला आनंद आहे, आणि धुळघाटावरून गाडी जात नाही याचे दुःखही आहे. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

ज्या शिक्षकांना मुलांकडून असे काही करवून घ्यायचे असेल, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी पौष-माघात एकदा शिवारात फेरी मारावी, पऱ्हाट्यांचे ढीग चुलीत जाण्याआधी शेंडे मागून घ्यावेत, आणि अर्जातल्या खर्चाच्या रकान्यात जे खरे असेल तेच लिहावे.