फितीवरचे पाठभेद

घरातल्या व्हीएचएस फितींवरील दूरदर्शनचे कार्यक्रम आम्ही सध्या डीव्हीडीवर उतरवून घेत आहोत. ह्या कामाला घाई चालत नाही. तीन तासांची फीत उतरायला तीनच तास लागतात. पोथी नकलणाऱ्यासारखे बसून राहावे लागते.

१९८८ साली प्रक्षेपित झालेली निहलानींची ‘तमस’ आणि बेनेगलांची ‘भारत एक खोज’ आज कितीतरी स्वच्छ स्वरूपात मिळतात. मग हा खटाटोप का? आमच्या मते आमची फीत ही एक स्वतंत्र प्रत आहे. जाहिराती गाळण्यासाठी वडील पॉज दाबत. त्यांचे बोट क्षणभर उशिरा उठे आणि पुढच्या वाक्याचे पहिले शब्द गळत. ‘तमस’चे संवाद आम्हांला असे तुटकच पाठ आहेत. वडील गेल्यावर त्या गळतीला हात लावणे जड जाते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने प्रक्षिप्त ठरलेला मजकूरही फेकला नाही, तळटीपांत व परिशिष्टांत जपला.

मुंग्यांचे मात्र काय करावे? संगणकाला त्या हालचालीसारख्या भासतात, आणि ४.७ जीबीतली बरीच जागा तो त्यांच्यावरच उधळतो. पुसाव्यात, तर चेहरे मेणाचे होतात. आम्ही थोड्याच पुसल्या.

एका फितीवर ‘भारत एक खोज’च्या ऐन मध्यात क्रिकेटचा सामना सुरू होतो. खरवडलेल्या चर्मपत्रावर निदान जुनी अक्षरे पुसट दिसतात. इथे त्या सामन्याखाली काहीच उरलेले नाही.