फोन घरी येण्याची वेळ

8 जानेवारी 2022 च्या शनिवारी सकाळची शाळा सुटता सुटता मी नववीच्या मुलामुलींना वहीचे शेवटचे पान फाडायला लावले. मुंबईतले पहिली ते नववीचे वर्ग 4 तारखेपासून बंद झाले होते. ओमायक्रॉनचे आकडे रोज वाढत होते. सोलापुरातही ऑनलाइनचे दिवस परत येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्या पानावर मी तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. घरातला फोन कुणाचा आहे, तो घरी किती वाजता येतो आणि रिचार्ज कोण मारतो. मुले हसली. एकाने विचारले, "मॅडम, फोन घरी येतो म्हणजे?" त्याच्या मागच्या बाकावरची मुलगी मात्र मान खाली घालून लिहूही लागली होती. तिच्या घरचा फोन अब्बांच्या खिशातून सकाळी मंडईत जातो आणि रात्री आठला परततो. तिला प्रश्न समजावून सांगावा लागला नाही.

त्याच संध्याकाळी शासनाचा आदेश आला. 10 तारखेपासून शाळा बंद, दहावी-बारावीचे कामकाज तेवढे चालू.

हे प्रश्न मला 2020 साली, पहिल्या खेपेलाच सुचायला हवे होते. सुचले नाहीत, त्याची ही हकीकत आहे.

तेव्हाही मी नववीला गणित शिकवत होते. सकाळी अकराला तास घ्यायचा, लिंक टाकायची, किती जण आले ते तक्त्यात भरून वर पाठवायचे. 52 च्या वर्गात पंधरा-सोळा चौकोन दिसत, त्यातले निम्मे काळे. हजेरीपटावर 31 क्रमांकाची एक मुलगी होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. आठवीत असताना माझ्या हातातला खडू मागून घेऊन फळ्यावर गणित सोडवणारी. ती एकदाही दिसली नाही. मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा कुणा पुरुषाने 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. तक्त्यात मी लिहिले, 'संपर्क होऊ शकला नाही.' तिचे घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. लॉकडाऊन होता, जिवाची भीती होती, हे खरे. पण दिवाळीनंतर मी भाजी आणायला त्याच गल्लीवरून जात होते, हेही खरे.

एप्रिल 2021 मध्ये नववीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. 31 क्रमांकही दहावीच्या पटावर आला. जुलैत 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला, तोही आमच्याकडे फोनवरूनच. 4 ऑक्टोबरला शहरांतल्या आठवी ते बारावीच्या शाळा उघडायला परवानगी मिळाली आणि मी पहिल्यांदा त्या वर्गात उभी राहून हजेरी घेतली. "एकतीस?" मागून एक मुलगी म्हणाली, "टीचर, उसकी शादी हो गयी. रमजान के पहले." म्हणजे मी तिला कागदावर दहावीत घातले, तेव्हा ती सासरी होती.

मी तिच्या घरी गेले. अर्थात उशिरा. तिची अम्मी शिलाई मशीनवर बसली होती. आमच्या सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, इथले शर्ट पार परराज्यात जातात. शाळा बंद, तर गणवेश कुणाला लागणार? मशीन महिनोन् महिने झाकून होते. घरात तीन मुली. रिश्ता चालून आला, मुलगा कमावता. वय विचारायचे धाडस मला झाले नाही, कारण ते मला माहीत होते. ती म्हणाली, "साल भर से घर में बैठी थी. स्कूलवाले पूछेंगे बोलके मैं भी राह देखी. कोई नै आया, मॅडम." आवाजात तक्रार नव्हती. चहा दिला.

आपल्याकडे मुलींचे शिक्षण का थांबते यावर परिसंवाद पुष्कळ झाले. कुणी मौलानांना बोल लावतो, कुणी गरिबीला, कुणी माध्यमाला. मीही एकदोन व्यासपीठांवरून ऐटीत बोलले आहे. त्या चहानंतर अशा ठिकाणी माझी जीभ अडखळते.

म्हणून दुसऱ्या खेपेला वहीची ती पाने घरी नेऊन जमिनीवर मांडली. सकाळी अकराला फोन घरी असलेली मुले 17. रात्री साडेआठला 38. पाच घरांत साधा फोन, दोघांकडे तोही नाही. मी तास इशाच्या नमाजनंतर, साडेआठला ठेवला. मुख्याध्यापक म्हणाले, "तक्त्यात शाळेची वेळ आहे." मी सकाळचाही तास घेतला, तक्त्यापुरता. घरचे कुरकुरले. जेवणे दहाला होऊ लागली.

धडा होता दोन चलांतील रेषीय समीकरणे. दुसऱ्याच दिवशी कळले की निम्म्या मुलांना उणे तीन अधिक पाच येत नाही. येणार कुठून? ही मुले सातवीत असताना, मार्च 2020 मध्ये, शाळेतून गेली ती नववीत परतली. आख्खी आठवी फोनमध्ये हरवली होती. समीकरणे बाजूला ठेवून मी चार दिवस उणे-अधिक घेतले. पुस्तक संपवायची घाई असलेल्या सहकाऱ्यांना हे पटले नाही, पण बिनपायाच्या भिंतीला गिलावा करण्यात काय अर्थ?

मग समीकरणांकडे वळले. पुस्तकातली पेन-वह्यांची उदाहरणे सोडून शिलाईचे घेतले. एका दिवशी 20 कॉलर आणि 30 खिसे शिवले, 85 रुपये मिळाले. दुसऱ्या दिवशी 30 कॉलर, 20 खिसे, 90 रुपये. तर एका कॉलरचा दर काय? फोनमधून कुणाच्या तरी अम्मीचा आवाज आला, "कॉलर का दो, जेब का डेढ. इसमें पूछना क्या?" सगळा वर्ग खिदळला. मी विचारले, कसे काढलेत? ती म्हणाली, दोन्ही दिवस मिळवा, पन्नास-पन्नास नग झाले, पावणेदोनशे रुपये. म्हणजे जोडीला साडेतीन. पुढचे तुमच्या मुलांना करू द्या. मी ते फळ्यावर लिहावे म्हणून वळले आणि लक्षात आले, मी स्वयंपाकघरात बसले आहे.

ती अम्मी होती 14 क्रमांकाच्या मुलीची. तिच्याकडे फोन भाईजानचा. पहिल्या दोन दिवशी मुलगी नव्हती, तिसऱ्या दिवशी मी घरी गेले. मास्क लावून अंगणातच उभी राहिले. भाऊ वीस-बावीसचा, गॅरेजात कामाला. सरळ म्हणाला, "मोबाईल लडकी के हाथ में नै देता. तुमकू मालूम है जमाना." भांडायचे ठरवूनच गेले होते. पण आत दादीमा कुणाशी तरी बोलत होत्या, त्यातला 'रिश्ता' हा शब्द कानावर आला. मी म्हटले, बरं, हातात देऊ नकोस. चुलीजवळच्या फळीवर ठेव, स्पीकर चालू कर, सगळ्यांनी ऐका. त्याला हे चालले. त्या रात्रीपासून तिच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या, दादीमांचा खोकला आणि मधूनच भावाचे "अगे, उणे को उणे से मारे तो अधिक होता ना?" असे सगळे ऐकू येई.

मी बरोबर केले का, अजून ठरवता येत नाही. फोन तिच्या हातात असायला हवा होता. तो हक्क मी मागितलाच नाही, फळीवर तडजोड केली. माझी एक मैत्रीण यावरून माझ्याशी कडाडून भांडली आणि तिचे म्हणणे खोडता आले नाही. एवढेच सांगते की तास संपल्यावर दादीमा मला सलाम करू लागल्या, आणि रिश्त्याचे बोलणे दहावीनंतर बघू यावर आले.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता अशा सात जणांसाठी झेरॉक्स काढून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवत असे. सोडवलेले कागद दुकानदार बिस्किटाच्या पुड्याच्या खोक्यात जमवी. त्यातले तिघांचेच नियमित आले. एक मुलगा फळांच्या गाड्यावर उभा राहिला, तो राहिलाच. त्याच्याकडे मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्याने पेरू घ्यायला लावले, पैसे घेतले नाहीत.

24 जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या संमतीने शाळा उघडायला शासनाने मुभा दिली आणि पुढे आमचेही वर्ग भरले. ही बंदी पहिलीच्या मानाने अगदीच थोडकी. 14 क्रमांक मार्च 2023 ची दहावीची परीक्षा देऊन पास झाली. गणितात 61.

गेल्या वर्षी औषधाच्या दुकानात 31 भेटली. कडेवर मूल, दुसरे बोटाला. तिनेच ओळखले, "टीचर!" मला आधी माफी मागायची होती, पण गर्दीत ते काही जमले नाही. मी 17 नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितले. बाहेरून दहावीला बसता येते, शाळेचा दाखला मी काढून देते. तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. अल्जेब्रा अजून तेच आहे का, एवढे विचारले. निघताना तिने माझ्या पिशवीवरच्या कागदावर एक नंबर लिहून दिला.

"उनका है," ती म्हणाली. "रात को नौ के बाद करना, टीचर. तब घर में रहता."