चिठ्ठी

माझी अक्का 2014 च्या पावसाळ्यात गेली. लोक म्हणतात तापानं गेली. मी म्हणतो, पाच दिवसांनी तिला खाल्लं. त्या पाच दिवसांचा हिशोब मांडतो.

बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी तिचं अंग भाजू लागलं. आई म्हणाली, "वटीपोटात दुखतंय म्हणती, वास बी येतोय. कायतरी बिघडलंय बघ." आम्ही तिला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर टेबलापलीकडनं म्हणाले, "दूध दाटलंय." सुई दिली. पोटाला हात नाही, नाडीला हात नाही. वासाचं आई दोनदा बोलली, कुणी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी पुन्हा सुई. सातव्या दिवशी सलाईन. आठव्या दिवशी अक्का बरळायला लागली, तेव्हा जीप करून मंद्रूपहून सोलापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि लगेच सांगितलं, गर्भपिशवीत पू झालाय, विष रक्तात भिनलंय.

"पाच दिवस आधी आणलं असतं तर?" मी विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत.

पहाटे अक्का गेली. बाहेर बाकड्यावरचा एक माणूस म्हणाला, "ही अडाणी माणसं. वेळेवर आणतच नाहीत." आम्ही तर तीनदा नेली होती!

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त काठेवाडातल्या एका अस्पृश्य मास्तराचं पत्र आहे. 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त ते छापलं होतं. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. दोन रुपये फीसाठी नगरशेठ जामीन राहिला, तेव्हा कुठं आला. तेही बाळंतिणीला तान्ह्या लेकरासकट वस्तीबाहेर आणवून. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हाती दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत आला तोही त्याच वाटेनं. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरनं सांगितलं, न्यूमोनिया. बाई मेली.

आमच्या डॉक्टरनं जात विचारली नाही. गर्दी होती म्हणून हात लावला नाही, की आडनाव ऐकून लावला नाही, ते त्यालाच ठाऊक. पण न शिवता केलेलं निदान इथंही झालं आणि बाई इथंही मेली.

आता माझा गुन्हा सांगतो. 14 एप्रिलला घोषणा देऊन घसा बसवणारा मी, त्या टेबलापुढं हात जोडून उभा होतो. तीनदा पैसे मोजले, पावती मागितली नाही. काय दुखणं, काय औषध, कशाची चिठ्ठी नाही. पुढं वकिलाकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, "कागद?" मी गप्प. कायद्यानं दिलेली दोन वर्षं अशीच निघून गेली.

तेव्हा शिकलो ते तुम्हाला सांगतो. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो, हे सुप्रीम कोर्टानं 1995 साली सांगितलं. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तो दवाखाना त्यात येत नाही. म्हणून सरकार सुटलं असं मात्र नाही. 1963 साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नसबंदीच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला. ताप चढला, वेदना वाढल्या. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडलं तर आत पू. बाई गेली. खालच्या कोर्टानं 36,000 रुपये दिले, हायकोर्टानं ते काढून घेतले, 1996 साली सुप्रीम कोर्टानं परत दिले. न्यायाला तेहेतीस वर्षं लागली, पण मिळाला. कारण तिथं कागद होता.

नुसतं निदान चुकलं म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. साधा, काळजी घेणारा डॉक्टर जे तपासेल ते यानं तपासलं का, हे कोर्ट बघतं. ते कळणार कागदावरनंच. रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यावर 72 तासांत केसपेपर द्यावा, असा 2002 चा नियम आहे. आणि बाळंतिणीला ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वास, ही तिन्ही दिसली तर "दूध दाटलंय" ऐकून घरी येऊ नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

आता वस्तीत कुणी आजारी पडलं की मी सोबत जातो. हात जोडत नाही, भांडत बी नाही. एवढंच म्हणतो, "साहेब, लिहून द्या."

काही डॉक्टर चिडतात. पण लिहायला लागलं की आधी पेशंटच्या पोटाला हात लावून बघतात.

जयभीम.