अब्बांची ठासणीची बंदूक

अब्बांचं चहलम झालं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्यात बंदुकीचा विषय निघाला. जमिनीचे, घराचे हिस्से शरीयतप्रमाणे कागदावर मांडता आले. बंदुकीचे हिस्से कसे करणार? आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. चाचांनी तर आधीच हात जोडले. "माझ्या दारात नको. आपलं नाव काय, दिवस काय!" अम्मी एवढंच म्हणाली, "ती घरातून जाऊ देऊ नका."

बंदूक ठासणीची. लांबी साडेचार फुटांवर, वजन चार किलोंच्या वर. नळी लाकडाला तीन पट्ट्यांनी बांधलेली, दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर मुकुट आणि इंग्रजीत 'टॉवर' ही अक्षरं. खालचं साल गंजानं अर्धवट खाल्लेलं, पहिले दोन आकडे तेवढे लागतात. परदादा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात होते. त्या काळी मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. परत आल्यावर त्यांनी पिकाच्या राखणीसाठी परवाना मागितला आणि फौजेतून निघालेली ही जुनी बंदूक विकत घेतली. त्यांच्याकडून दादांकडे, दादांकडून अब्बांकडे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर रानडुकरावर नेम धरण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्वारी दाण्यात आली की अब्बा नुसता बार काढत. आम्ही पांघरुणात कान झाकून पडलेल्या असायचो.

बार काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी बंदुकीची आंघोळ. काळ्या दारूची राख नळीत राहिली तर ती हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीत गंज धरते. म्हणून उकळतं पाणी नळीत ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करायची, मग शिलाई मशीनचं तेल. खोबरेल कधीच नाही; ते थिजतं, चिकट होतं. लाकडाला जवसाचं तेल, तेही बोटभर. आणि हे सगळं करण्याआधी एक रिवाज ठरलेला. गज नळीत पार तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी अंगठा धरायचा, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायचा. गज कानापर्यंत पोचला तर नळी रिकामी. चार बोटं कमी पडला तर आत बार आहे. अशा बंदुकांत कुणी कधीकाळी भरून ठेवलेला बार तसाच राहून जातो, म्हणून हे बघितल्याशिवाय अब्बा आम्हाला हात लावू देत नसत.

त्यांची एकच चूक झाली. ईदच्या आधी ते पितळ चिंचेनं घासत आणि लोखंडावर बारीक पॉलिशपेपर फिरवत. बंदूक चकाके, आम्ही खूश. पण जुन्या वस्तू सांभाळणारे लोक याला कपाळावर हात मारतात. लोखंडावरचा तो तपकिरी, शांत पडलेला थर हेच तिचं वय असतं. लाल भुगा होणारा गंज तेवढा तेलानं मऊ करून काढायचा. पॉलिशपेपरनं अक्षरं जातात. सालाचे शेवटचे दोन आकडे नुसत्या गंजानंच नेले असं नाही.

आमच्यापैकी मधली उर्दू शाळेत आठवीला इतिहास शिकवते. १८५७ चा धडा आला की काडतुसं येतात, गाय-डुकराची चरबी येते, २९ मार्चचं बराकपूर येतं. एका वर्षी धड्याची तयारी करताना तिनं त्या बंदुकीचं चित्र पाहिलं आणि चमकली. १८५३ नमुन्याची एन्फील्ड! हुबेहूब आमचीच. पण त्या एन्फील्डच्या नळीत आतून वळणदार खाचा असत, गोळी फिरत जाई, म्हणून मागच्या खिटीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा. आमच्या नळीत विजेरी मारून पाहिलं तर आत काचेसारखं गुळगुळीत. अब्बा म्हणत, झिजली असेल. झिजलेली नव्हती. बंडानंतर सरकारनं हिंदी शिपायांसाठी मुद्दाम बिनखाचांची बंदूक काढली. बाहेरून गोऱ्या सोल्जराच्या बंदुकीसारखीच, आतून सपाट. शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नाही. आमच्या बंदुकीवर लांबच्या खुणांची खिटीच नाही, हे इतकी वर्षं आमच्या लक्षात आलं नव्हतं. पगार घ्या, कवायत करा, पण आमच्याइतका लांबचा नेम तुम्हाला नको. पुढे गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा मागे पडलेल्या स्नायडर आपल्या शिपायांकडे आल्या.

हे कळल्यावर ती आम्हाला आणखीच टाकवेना. पण ठेवायची कशी? १९५९ चा शस्त्र कायदा जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या हत्याराला सोडतो, पण ते दुरुस्त करूनही उडणार नाही असं असेल तर. आमची उडते. म्हणजे दोनच वाटा: परवाना, नाहीतर नळीला भोक पाडून, केपेखालचं छिद्र बुजवून तिला कायमची मुकी करायची आणि भिंतीला टांगायची. ब्रिटनमध्ये असलं जुनं हत्यार शोभेची वस्तू म्हणून परवान्याविना ठेवता येतं, अमेरिकेत १८९८ पर्यंतचं असलं की पुराणवस्तू. योगायोगानं दोन्हीकडचे कायदे १९६८ चे. काठमांडूच्या राजवाड्यातल्या जुन्या शस्त्रागारातल्या अशा हजारो बंदुका २००३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या, आणि तिकडचे शौकीन आता त्या घरी नेऊन घासूनपुसून ठेवतात. ज्यांनी सपाट नळी दिली त्यांच्याकडे ती निर्धास्त, हे आम्हाला जरा लागलं.

धाकटी पुण्याला असते. ती म्हणाली, मुकी करू, माझ्या हॉलमध्ये लावते. मोठीचं म्हणणं, सरळ जमा करून टाकू. तिला निवडणुका आठवत होत्या. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला लावत. अब्बाही सायकलवर बांधून नेत. एकदा दोन महिन्यांनी परत मिळाली ती गोणपाटात, ओल धरलेली, दस्त्यावर खिळ्यानं नंबर कोरलेला. अब्बा काही बोलले नाहीत. मोठीनं मात्र तेव्हाच मनात ठरवलं होतं. त्या रात्री आम्ही तिघी बरंच भांडलो, अगदी लहानपणीसारख्या. मधली म्हणाली, "भोक पाडलं तर मुलांना दाखवायचं काय? आत काय नव्हतं तेच तर दाखवायचंय."

शेवटी परवान्याचा अर्ज मधलीच्या नावानं गेला. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला तशी सोय आहे. अम्मीनं, चाचांनी आणि बाकी दोघींनी ना-हरकत लिहून दिली, चाचांनी सही करताना तीनदा विचारलं, "मला बोलावणार नाहीत ना?" कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, बुरख्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. "मॅडम, तुम्ही चालवणार?" मधली म्हणाली, "सांभाळणार." ते हसले आणि हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा कागद लागेल म्हणून सांगितलं. तो आता घ्यायचाय.

तोवर बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे ठेवलीय, भाडं भरून. त्यानं ती चामड्याच्या म्यानात घातली होती. चामडं ओल धरतं, म्हणून आम्ही म्यान काढायला लावलं. पावसाळ्यात पाळीपाळीनं जातो, त्याच्यासमोर गज सोडून बघतो, तेलाची चिंधी फिरवतो. मागच्या रविवारी मोठीची पाळी होती. तिनं पितळ घासलं नाही, एवढं मात्र तिनं फोन करून सांगितलं.