सुटता सुटेना

आपल्यापैकी अनेकांचा अभ्यास माझ्याप्रमाणेच रात्री, घरची कामे उरकल्यावर होत असेल. शहापूर तालुक्यातील शेणवा या आमच्या गावी आवणीच्या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अशाच एका आषाढातील रात्री ती गेली आणि परत आली तेव्हा माझा लिनक्सवर चालणारा जुना संगणक सुरू होईना. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची अकरा ध्वनिमुद्रणे होती. आजी आदल्या वर्षीच गेलेली. मुद्रणांची दुसरी प्रत नव्हती. का नव्हती, याचे समर्थन मी करणार नाही.

पेनड्राइव्हवरील लिनक्सच्या साहाय्याने मी संगणक जागा केला. आतील डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर जोडली. या जोडण्याला माउंट करणे म्हणतात. मग डेव्ह, प्रॉक आणि सिस या तीन आभासी फाइलव्यवस्था तिच्यात आणून जोडल्या, सीएचरूट या आज्ञेने आत शिरलो आणि बिघडलेला बूटलोडर दुरुस्त केला. 'आभासी' हा शब्द येथे नीट समजून घ्यावा. प्रॉकमधील फाइली डिस्कवर कोठेही लिहिलेल्या नसतात. आपण वाचावयास गेलो की कर्नल त्या क्षणी मजकूर तयार करून पुढे ठेवतो. चालू प्रक्रिया फाइलींच्या रूपात दाखविण्याची ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये युनिक्सच्या संदर्भात मांडली. लिनक्सचा जन्म १९९१ चा.

बाहेर येऊन ओव्यांचे फोल्डर उघडले, तर उत्तर आले : 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग'. म्हणजे डिस्कवरील रचनाच विस्कटली होती. तिची एफएससीके या आज्ञेने तपासणी करावयास हवी होती. खरे तर ती सर्वांत आधी करावयाची असते. घाईत राहून गेली. जोडलेल्या डिस्कवर ही दुरुस्ती चालविली तर उरलेलेही बिघडू शकते, म्हणून डिस्क आधी सोडविणे भाग होते. प्रॉक सुटले, सिस सुटले. डेव्ह मात्र सुटेना. 'टार्गेट इज बिझी', एवढेच उत्तर पुनःपुन्हा.

ते कोण अडवून धरले आहे हे सांगणारी फ्यूजर नावाची आज्ञा मी दिली. पडद्यावर नावांची रांगच लागली! सगळ्यांना एकदम संपविण्याची सोय त्याच आज्ञेत आहे, आणि बोट त्या कळीपर्यंत गेलेही होते. थांबलो ते केवळ रांगेत पडदा रंगविणाऱ्या प्रक्रियेचेही नाव दिसले म्हणून. तिचा माझ्या डिस्कशी काय संबंध? आपल्या लक्षात आले असेल : मी आत जोडलेले डेव्ह ही वेगळी प्रत नव्हती. एकाच माजघराला पाडलेले ते दुसरे दार होते. फ्यूजरने माजघरातली सगळी माणसे मोजली. दुसऱ्या दाराच्या उंबऱ्यावर कोण बसले आहे, ते त्याने सांगितले नाही.

'लेझी' पर्याय वापरून जोड नावापुरती तोडता येते. पण वापर आत चालूच राहतो, आणि तशा स्थितीत तपासणी करण्याची माझी छाती नव्हती.

उत्तर मिळाले ते प्रॉकमध्येच. प्रत्येक चालू प्रक्रियेचे तेथे तिच्या क्रमांकाचे एक फोल्डर असते आणि ती सध्या कोठे उभी आहे हे त्यात सीडब्ल्यूडी नावाच्या दुव्यावरून कळते. सगळे दुवे एकाखाली एक मांडले. एकच प्रक्रिया त्या दुसऱ्या दारात उभी होती : एक बॅश. ती माझीच होती. तासाभरापूर्वी डिस्कचे नाव पाहण्यासाठी मी दुसऱ्या खिडकीतून सीएचरूट करून डेव्हमध्ये शिरलो होतो आणि ती खिडकी इतर खिडक्यांमागे उघडीच राहिली होती.

तिच्यात 'एक्झिट' लिहिले. डेव्ह सुटले, मागोमाग डिस्कही. प्रत घेण्यास दुसरी डिस्क घरात नव्हती. तशीच तपासणी सुरू केली आणि पडवीत जाऊन बसलो.

अकरांपैकी नऊ मुद्रणे मिळाली, पण नावे हरवून. 'लॉस्ट अँड फाउंड' या फोल्डरमध्ये ती केवळ क्रमांकांनी पडली होती. कोणती ओवी कोणत्या क्रमांकात, हे ऐकल्यावाचून कळणार नव्हते. पहिली फाइल लावली. बराच वेळ नुसती जात्याची घरघर होती. मग आजी खाकरली.